डिसेंबरातला उकाडा

‘आपल्याकडे खासगीपण नावाची गोष्ट होतीच कुठे?’ हे वाक्य प्रश्नासारखं दिसतं, पण वापरलं जातं ते चर्चा मिटवायला. कुणाच्या घटस्फोटाचे कागद नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरले, नवरा-बायकोच्या भांडणातला एखादा मेसेज स्क्रीनशॉट होऊन तिसऱ्याच्या हाती लागला, एखाद्या अ‍ॅपने फोनमधली अख्खी नंबरांची यादी उचलून नेली आणि कुणी त्यावर कुरकुर केली, की त्याला हे ऐकवलं जातं. मागोमाग पुरावेही येतात. आपण चाळीत वाढलो, दारं दिवसभर सताड उघडी. वाड्यात नुसत्या खोकल्यावरून कळायचं कोण उठलंय ते. गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे वासावरून सांगता यायचं. तेव्हा खासगीपण हे इंग्रजी शिकलेल्यांचं, स्वतंत्र बेडरूमवाल्यांचं खूळ. सोशल मीडियाने फार तर जुनी चाळच परत आणली, जरा मोठी करून.

हा पूर्वपक्ष थट्टेवारी नेता येत नाही, कारण तो दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींपुरता नाही. जानेवारी २०१० मध्ये फेसबुकचे मार्क झुकरबर्ग एका जाहीर कार्यक्रमात साधारण हेच म्हणाले होते: लोक आता जास्त मोकळेपणाने सांगू लागलेत, रिवाजच बदललाय. २०१५ मध्ये आधारच्या खटल्यात महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारची बाजू मांडली, की खासगीपणाचा मूलभूत हक्क राज्यघटना देत नाही. आठ न्यायमूर्तींचा १९५४ चा आणि सहा न्यायमूर्तींचा १९६२ चा निकाल त्यांच्या हाताशी होता. म्हणजे कंपनी, सरकार आणि आपले काका, तिघांनाही एकच गोष्ट पटलेली. इतके वेगळे हितसंबंध असलेल्यांचं इतकं एकमत व्हावं, हेच मला आधी खटकतं.

कायद्याचा भाग लवकर उरकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि ती अभिजनांची चैन आहे हा युक्तिवादही नाकारला. गंमत अशी, की १९६२ च्या ज्या खरक सिंग निकालाचा सरकार आधार घेत होतं, त्याच निकालाने संशयिताच्या घरी पोलिसांनी रात्री-अपरात्री जाऊन दार वाजवण्याची तरतूद रद्द केली होती. हक्क नाही म्हणायचं आणि रात्री दार वाजवायचं नाही असंही म्हणायचं, अशी ती कसरत होती. मात्र निकाल लागला म्हणून वाद संपला असं नाही. हक्क आहे की नाही ते न्यायालय सांगेल. समाजाला त्याची जाण होती की नाही हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि पूर्वपक्षाचं खरं बळ तिथेच आहे.

तर इतिहासाकडे जाऊ. खासगीपणाच्या आधुनिक कायदेशीर कल्पनेचं मूळ म्हणून नेहमी दाखवला जातो तो वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांचा ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मधला लेख. तो १८९० चा. त्याच्या आठ वर्षं आधी, १८८२ मध्ये, हिंदुस्थानात सुविधाधिकारांचा कायदा झाला. त्याचं कलम १८ रूढीने मिळणाऱ्या हक्कांचं आहे, आणि तिथे उदाहरण दिलंय ते असं: एखाद्या गावात अशी रूढी आहे, की शेजाऱ्याच्या खासगीपणाचा भंग होईल अशी नवी खिडकी कुणी पाडायची नाही. अशा गावात घर बांधणाऱ्याला आपोआप हक्क मिळतो, की शेजाऱ्याने आपल्या घराच्या झाकल्या भागावर नजर पडेल अशी खिडकी काढू नये; आणि शेजाऱ्यालाही तोच हक्क याच्याविरुद्ध मिळतो. हा कायदा सुरुवातीलाच मध्य प्रांताला, म्हणजे नागपूरलाही, लागू होता. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये आला. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकलप्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात अशीच रूढी मान्य केली. इंग्रज कायदेपंडितांना हे विलायतेतून आणावं लागलं नाही. तिथल्या न्यायालयांना नुसत्या नजरेविरुद्ध असा हक्क मान्यच नव्हता. इथली माणसं खिडकीवरून भांडत कोर्टात येत होती, म्हणून तो कायद्यात लिहावा लागला.

आयात माल म्हणायचाच असेल, तर तो इथून तिकडे गेला असं म्हणायची पाळी येईल. तेही मी म्हणत नाही. पुट्टस्वामी निकालात न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी आपल्या स्वतंत्र मतात रामायण, गृह्यसूत्रं आणि अर्थशास्त्र यांचे दाखले दिलेत: परक्याच्या घरात मालकाच्या संमतीशिवाय शिरू नये, जेवताना किंवा अध्ययन करताना आडोसा असावा, वगैरे. ते वाचून ऊर भरून येणाऱ्यांनी जरा थांबावं. गृह्यसूत्रांतलं घर कुणाचं, अध्ययन कुणाचं, आणि ज्याला घरच नाही त्याच्या आडोशाचं काय, हे प्रश्न त्या दाखल्यांत येत नाहीत. १८८८ च्या त्या खटल्यातली खिडकीही जनानखान्याकडे उघडणारी होती. तिथे रक्षण होतं ते पडद्याचं, आणि पडद्यामागच्या बाईला पडदा हवा होता का, हे कुणी विचारलं नव्हतं. एवढं कबूल करूनही मुद्दा उरतोच. कल्पना नव्हती हे म्हणणं खोटं ठरतं. होती, आणि फार असमान वाटलेली होती.

पुण्यात ती एकदा रस्त्यावरही आली. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अध्यक्षतेखालच्या समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडती सुरू केली. माणसं इस्पितळात आणि छावण्यांत नेणं, सामान जाळणं यांचा संताप होताच. पण त्या काळच्या तक्रारी वाचताना सारखं पुढे येतं ते सोजिरांनी स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून शिरणं, बायकांना बाहेर बोलावून तपासणं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्यामागे अनेक कारणं होती. त्यांतलं हे एक मोठं होतं. जिच्या आत परक्याने यायचं नाही अशी रेघच ज्या समाजाला माहीत नाही, तो ती ओलांडली म्हणून पेटत नाही.

आता चाळ. पूर्वपक्षाचा हा पेटंट पुरावा, म्हणून इथे जरा थांबायला हवं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास मजल्याचे. एवढ्या जागेत आई-वडील, दोन-तीन भावंडं, गावाहून नोकरीसाठी आलेला चुलतभाऊ, आणि मग त्यांतल्या एकाचं लग्न. नव्या जोडप्याने करायचं काय? याचं उत्तर कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण मजल्यावर सगळ्यांना पाठ होतं. वडील जेवण झालं की वळकटी उचलून गॅलरीत जात. धाकटा दीर ऐन डिसेंबरात ‘फार उकडतंय बुवा’ म्हणत गच्चीवर झोपायला निघे, आणि कुणीही त्याला ‘थंडीत कसलं उकडतंय तुला?’ असं विचारत नसे. विचारलं असतं तर सगळा डोलाराच कोसळला असता. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. न बोलण्याचा करार होता, आणि तो रोज रात्री पाळला जात होता.

पी.पी. नंबर ज्यांनी वापरलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. फोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, त्या काळातली ही गोष्ट आहे. अख्ख्या मजल्यात एक फोन, तो बहुतेक बँकेत किंवा गोदीत कायम नोकरी असलेल्याच्या घरी. लग्नपत्रिकेवर किंवा अर्जावर त्याचाच नंबर, पुढे ‘पी.पी.’ लिहून. फोन आला की गॅलरीतून हाक. तुम्ही ओले हात पदराला पुसत त्यांच्या दारात. मग काय व्हायचं ते आठवून पाहा. यजमान टीव्हीचा आवाज कमी करत आणि सकाळीच वाचून झालेला पेपर पुन्हा उघडून बसत. काकू आत जाऊन भांडी जरा जास्तच वाजवत. तुम्ही ‘हो… नाही… बघू… तेच ते’ अशा तुकड्यांत बोलायचं. दहा बाय बारामध्ये त्यांना ऐकू येत नसेल का? शब्दन् शब्द. पण फोन ठेवल्यावर काकू फक्त ‘चहा टाकू?’ एवढंच म्हणत. तुम्ही होऊन सांगितलंत तर त्या ऐकत, नाही सांगितलंत तर गोष्ट तिथेच राही. जी बाई हा नियम मोडे, ती चोंबडी म्हणून ओळखली जाई, आणि ते बिरुद लागलं की हळदीकुंकवालासुद्धा तिच्यासमोर बोलणं आटोपतं घेतलं जाई. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये परक्यांच्या गर्दीतल्या अशा सोज्ज्वळ दुर्लक्षाबद्दल लिहिलंय. त्याच्या गर्दीतली माणसं एकमेकांना पुन्हा भेटणार नव्हती. इथे तीच माणसं उद्या सकाळी नळावर भेटणार होती, त्यामुळे दुर्लक्ष करणं कितीतरी जास्त कसबाचं होतं.

म्हणून ‘चाळीत खासगीपण नव्हतं’ हे विधान चुकतं ते निरीक्षणात. भिंती नव्हत्या हे खरं. भिंतींचं काम माणसं करत होती. आणि ज्याला आज आपण ‘जगभर पसरलेली चाळ’ म्हणतो, तिथे नेमकी ही माणसंच कामावरून काढून टाकलेली आहेत.

हा फरक आणखी एका जागी लख्ख दिसतो. मुंबईच्या जीपीओसमोर, कबुतरांच्या शेजारी, ताडपत्रीच्या आडोशाला पत्रं लिहून देणारे बसत. गिरण्या-गोद्यांतले अक्षरशत्रू कामगार त्यांचं गिऱ्हाईक; कामाठीपुऱ्यातल्या बायकाही. गावी मनीऑर्डर पाठवायची आणि सोबत लिहायचं, की मी इथे बऱ्या नोकरीत आहे, काळजी नसावी. ते खोटं आहे हे लिहिणाऱ्याला समोरच दिसत असे. त्या बाईचं गाव, पत्ता, घरच्यांची नावं, पाठवलेली रक्कम, न सांगण्याजोगी गोष्ट, सगळं त्याच्या टाकातून उतरत असे. पत्र पुढे पोस्टमनच्या हाती. एका पैशाचं कार्ड १८७९ साली निघालं तेव्हापासून तेही उघडंच, वाटेत कुणीही वाचावं असं. मजकुराच्या दृष्टीने इतकं उघडं संभाषण दुसरं नसेल. तरी ते पुष्कळ अंशी सुरक्षित होतं, कारण लिहिणाऱ्याला रोज शेकडो पत्रं, त्यांतलं त्याच्याजवळ काही उरत नव्हतं. उरलं तरी ते जोडून पाहायची, विकायची सोय नव्हती. आणि बोभाटा केला तर उद्या त्याच्याकडे कोण येणार होतं?

व्हॉट्सअ‍ॅपने हे पार उलटं केलं. एप्रिल २०१६ पासून त्यावरचा मजकूर दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो. मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. हे खरं आहे, आणि मोठं आहे. त्यावर विसंबून ‘मग भीती कसली?’ असं विचारणारेही पुष्कळ आहेत. पण जीपीओसमोरच्या त्या माणसाला मजकूर ठाऊक होता आणि नकाशा ठाऊक नव्हता. कंपनीला मजकूर ठाऊक नाही, नकाशा ठाऊक असतो: कोणाच्या फोनमध्ये कोणाचा नंबर आहे, कोण कोणत्या ग्रुपमध्ये, कोण किती वाजता जागं. एखादी बाई एका आठवड्यात वकिलाला, मग माहेरी, मग घरं भाड्याने देणाऱ्या दलालाला संदेश पाठवत असेल, तर त्यांत काय लिहिलंय हे वाचायची गरज कोणाला आहे? चाळीतल्या काकूंना शब्द ऐकून जे कळत होतं, ते इथे शब्दांवाचून कळू शकतं. फक्त इथे कुणी भांडी वाजवत नाही.

आणि ही भीती मनची नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घ्यायचं जाहीर केलं तेव्हा माहितीची सरमिसळ होणार नाही असं आश्वासन होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये धोरण बदललं आणि फोन नंबर फेसबुककडे जाऊ लागला. नको म्हणायला तीस दिवस दिले होते, ते किती जणांनी वाचलं असेल देव जाणे. दोन्हीकडची खाती जुळवता येणार नाहीत असं सांगून दिशाभूल केली म्हणून युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. जानेवारी २०२१ मध्ये नवं धोरण आलं, या खेपेला नको म्हणायची सोयच नव्हती. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. या साऱ्यात ‘रिवाज बदलला, आम्ही फक्त त्यामागे गेलो’ हे कुठे बसतं? रिवाज बदलायची मुदत, तारीख आणि बटण कंपनीनेच ठरवलेलं होतं.

लहानसहान गोष्टींतही तेच. पूर्वी ‘तुमचं पत्र आत्ताच हाती आलं’ या वाक्याने किती संसार आणि किती मैत्र्या तारल्या असतील! पत्र आठवडाभर टेबलावर पडलेलं असायचं. उत्तर काय द्यावं सुचत नसायचं. टपाल खातं बिचारं सगळी अपकीर्ती स्वतःवर घ्यायचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या आणि ही सवलत गेली. ओरडा झाल्यावर त्या बंद करायची सोय मिळाली, पण ग्रुपमध्ये ती आजही चालत नाही. भावकीच्या ग्रुपवर कोणी वाचून गप्प बसलंय हे संदेश पाठवणाऱ्याला दिसतं, आणि गप्प बसण्याचाही अर्थ लावला जातो. जून २०१८ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, नोटीस टाळत राहिलेल्या एका कर्जदाराला ती व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून पाठवली गेली आणि निळ्या खुणांवरून ती उघडल्याचं दिसतंय, म्हणून बजावणी झाली असं मानलं. त्या प्रकरणात ते योग्यच होतं. बुडवेगिरी करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण घरगुती गप्पांसाठी केलेली एक खूण साडेतीन वर्षांत पुरावा झाली, हे ध्यानात ठेवावं.

आता पूर्वपक्षातला सर्वांत भक्कम मुद्दा. तो काका मांडत नाहीत. बहुधा त्यांची सून मांडेल. ती म्हणेल, तुमचं ते डिसेंबरातल्या उकाड्याचं कसब वडिलांचं आणि दिरांचं होतं. माझ्या आजीला माहेरहून आलेलं पत्र सासू आधी वाचून मग तिच्या हाती द्यायची. फोनवर बोलायचं तर पाच जणांत. बँकेचं पुस्तक, औषधाची चिठ्ठी, मैत्रिणीचं नाव, काहीच तिचं नव्हतं. कानात इयरफोन घालून बहिणीशी मोकळं बोलणारी घराण्यातली पहिली बाई मी आहे, आणि ते मला या कंपन्यांच्या यंत्राने दिलंय, तुमच्या चाळीने नाही.

हे मला शब्दशः मान्य आहे. महाराष्ट्रातच याचं ठसठशीत उदाहरण आहे. कंजारभाट समाजात लग्नानंतर नववधूच्या कौमार्याची परीक्षा जातपंचायतीपुढे जाहीर करायची प्रथा होती. जगातली सर्वांत खासगी गोष्ट चारचौघांत, चादरीच्या साक्षीने. २०१७ च्या अखेरीस याच समाजातल्या तरुण मुलामुलींनी ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि प्रथेविरुद्ध एकमेकांना शोधलं. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नात त्यांतल्या काही जणांना मारहाणही झाली. या मुलांना पारावर जमणं शक्यच नव्हतं, कारण पार पंचायतीचा होता. फोनमधली ती खोली नसती तर ते एकमेकांना भेटले असते का, शंका आहे.

पण हे उदाहरण सिद्ध काय करतं ते नीट पाहावं. ‘आपल्याला खासगीपण नकोच असतं’ याच्या ते अगदी विरुद्ध जातं. ज्यांना ते कधी मिळालं नव्हतं, त्यांनी संधी मिळताच पहिल्यांदा तेच मिळवलं. त्या सुनेने इयरफोन घातला, त्या मुलांनी ग्रुपचं दार लावून घेतलं. बदल झाला तो पाळत ठेवणाऱ्यांच्या जागेत. सासूच्या, पंचायतीच्या, शेजारच्या नजरेपासून सुटका झाली. त्याच व्यवहारात ज्याचा चेहरा दिसत नाही अशा कुणाला तरी घरच्या माणसांहून जास्त कळू लागलं. सासूशी भांडता यायचं, निदान अबोला धरता यायचा. सेवाशर्तींशी अबोला कसा धरणार? आणि सुटकाही अर्धीच: फोनचा पॅटर्न दाखव म्हणणारे नवरे, मुलीच्या इन्स्टाग्रामवर दुसऱ्या नावाने लक्ष ठेवणारे मामा हेही याच काळातले आहेत. आजकालच्या पोरांना खासगीपणाची चाड नाही म्हणतात. तीच पोरं आई-वडिलांसाठी एक आणि मित्रांसाठी दुसरं अशी दोन खाती ठेवतात. चाड नसलेला माणूस एवढा उपद्व्याप कशाला करेल?

फॉरवर्डचं प्रकरण मात्र निराळं, आणि काळं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा फोनवरून फिरत होत्या. अफवांनी माणसं पूर्वीही मारली गेलीत; तोंडी अफवा सोवळी होती असं मी म्हणणार नाही. पण पारावर ‘तुला कोणी सांगितलं?’ असा प्रश्न विचारता येत असे आणि सांगणाऱ्याला तोंड द्यावं लागत असे. फॉरवर्ड झालेल्या संदेशाला सांगणारा उरतच नाही. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

सरकारने काढलेला धडा वेगळा होता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांना फर्मावलं, की आदेश आला तर संदेशाचा पहिला जनक शोधून द्यावा. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पाच जीव गेलेले असताना हा नियम नको म्हणणं अवघड आहे, तरी मी नको म्हणतो. पहिला जनक शोधायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक बोलण्याची खूण आधीपासून ठेवावी लागते. गुन्हा घडल्यावर ती नव्याने तयार करता येत नाही. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध ‘अ हिंदू लेडी’ या सहीने पत्रं आली. ती रखमाबाईंची होती. आपण कोण हे त्यांनी कधी उघड करायचं, हे त्यांच्या हाती होतं. पहिला जनक हुडकणारी व्यवस्था तेव्हा असती, तर तिचा उपयोग कोणी आधी केला असता, हे ओळखायला फार डोकं लागत नाही.

राहता राहिला कायदा, ज्याच्या भरवशावर पूर्वपक्षातले काही समंजस लोक ‘आता होईल सगळं ठीक’ म्हणतात. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम असं बदललंय, की ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ म्हणून अधिकाऱ्याला अर्ज फेटाळणं सोपं व्हावं. खासगीपणाचा हक्क नाही म्हणणारं सरकार खासगीपणाचा आडोसा स्वतःसाठी मात्र चटकन शिकलं.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं कलम तिसरं. एखाद्याने घरगुती कारणासाठी दुसऱ्याची माहिती वापरली, तर हा कायदा लागू नाही. मावशीने भाचीचा मेसेज भावकीत फिरवला, तर या कायद्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही. कुटुंबात पोलीस नकोत म्हणून हे समजू शकतो. पण पुढचा भाग असा, की ज्या व्यक्तीने आपली माहिती स्वतःच जाहीर केली, तिच्या त्या माहितीलाही हा कायदा लागू नाही. खाली उदाहरण आहे: एक बाई आपले विचार लिहिताना सोशल मीडियावर स्वतःची माहिती देते, तिला या कायद्याचं संरक्षण नाही. कुणी ती माहिती गोळा करावी, जोडावी, विकावी.

१८८२ चं उदाहरण शेजारच्या खिडकीचं होतं आणि १४१ वर्षांनंतरचं हे. त्या जुन्या कायद्याने मानलं होतं, की दिसू शकतं म्हणून पाहायचा हक्क मिळत नाही. पी.पी. फोनवाल्या काकूंनीही मानलं होतं, की ऐकू आलं म्हणून ते आपलं होत नाही. २०२३ चा कायदा म्हणतो, दिसलं ना, मग आता ते कुणाचंही. हा आधुनिक विचार म्हणून आपल्या गळी उतरवला जातोय, आणि ‘आपल्याकडे खासगीपण नव्हतंच’ म्हणणारे त्याला परंपरेचा दाखला जोडून देताहेत. अशी परंपरा कोणत्या चाळीत, कोणत्या मजल्यावर होती, ते त्यांनी खोली नंबरासकट सांगावं.